टेनिसची दुहेरी : दोघांचा खेळ, दोघांचे गणित

माझे गाव डोळखांब. शहापूर तालुका, ठाणे जिल्हा. आसनगाव स्टेशनला उतरून पुढे शहापूरमार्गे एस.टी. किंवा जीप. आमच्याकडे टेनिसचा चेंडू टेनिसच्या कितीतरी आधी पोहोचला! भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात क्रिकेटचे सामने सुरू होतात आणि ते टेनिसच्या चेंडूनेच होतात. पण त्या चेंडूचा मूळ खेळ गावात कुणी खेळत नाही. मैदानी खेळ म्हटला की क्रिकेट नाहीतर कबड्डी. मी स्वतः टेनिसची रॅकेट पहिल्यांदा हातात धरली ती या हॉस्टेलवर आल्यावर.

आता हा लेख लिहिण्याचे कारण. यंदाच्या क्रीडा महोत्सवात टेनिसचा एकच गट ठेवायचा असे जिमखान्यात चालले आहे. कोर्ट एक, दिवस थोडे. मग एकेरी ठेवायची की दुहेरी? बहुतेकांचे मत एकेरीकडे आहे. "खरा टेनिसपटू एकेरीतच कळतो, दुहेरी म्हणजे टाइमपास," असे मेसमध्ये मी स्वतः ऐकले. माझे मत उलटे आहे. पण नुसते मत देण्यात अर्थ नाही, आपण इंजिनिअरिंगची मुले! म्हणून पुरुष दुहेरीचा थोडा अभ्यास केला. नियम, मैदानाची मापे, थोडे गणित आणि पुण्यात झालेली व्यावसायिक स्पर्धा, असे सगळे क्रमाने मांडतो. निर्णय तुम्हीच करा.

१) मैदान आणि नियम

टेनिसचे कोर्ट ७८ फूट लांब असते. एकेरीसाठी रुंदी २७ फूट आणि दुहेरीसाठी ३६ फूट. दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फुटांच्या पट्ट्या असतात, त्या फक्त दुहेरीत धरतात. सर्व्हिसचा चौकोन मात्र दोन्हीकडे तोच. नेट खांबांपाशी साडेतीन फूट आणि मध्ये तीन फूट उंच.

आता हिशेब करा. रुंदी वाढली एक तृतीयांशाने, पण माणसे वाढली दुपटीने. एकेरीत एका खेळाडूच्या वाट्याला २७ फूट रुंदी येते, दुहेरीत १८ फूट. म्हणजे मोकळी जागा कमी झाली. एकेरीत जो फटका हमखास गुण देतो, तो दुहेरीत कुणाच्या तरी रॅकेटवर जाऊन बसतो. म्हणून दुहेरीत नुसत्या ताकदीने भागत नाही. समोरच्या दोघांच्या मध्ये फट पाडावी लागते.

सर्व्हिस चौघांनी पाळीपाळीने करायची. रिटर्न घेताना कोण उजवीकडे आणि कोण डावीकडे हे सेटच्या सुरुवातीला ठरते आणि सेट संपेपर्यंत बदलता येत नाही. सर्व्हिस आणि रिटर्न झाल्यावर पुढचा फटका जोडीतला कुणीही मारू शकतो. दोन गमतीचे नियमही सांगून ठेवतो. सर्व्हिस आपल्याच जोडीदाराला लागली तर तो फॉल्ट. आणि सर्व्हिसचा चेंडू टप्पा पडण्याआधी समोरच्या जोडीतल्या कुणालाही लागला, तर गुण सर्व्हिस करणाऱ्यांना! (चेंडू नेटला घासून आला असेल तर मात्र सर्व्हिस पुन्हा.) त्यामुळे रिटर्न करणाऱ्याच्या जोडीदाराने उगाच सर्व्हिसच्या वाटेत उभे राहू नये.

२) साखळी

दुहेरीत नेहमीची मांडणी अशी : एक जण सर्व्हिस करतो, दुसरा नेटजवळ उभा. सर्व्हिस करणाराही संधी मिळाली की पुढे येतो आणि दोघे नेटवर भिंत उभी करतात. समोरच्यांनी डोक्यावरून लॉब टाकला की दोघे मागे. एक जण कडेला ओढला गेला की दुसरा मध्ये सरकतो.

हे वाचून आमच्या तालुक्यातल्या कुठल्याही पोराला कबड्डीची साखळी आठवेल. दोन पकडणारे एकमेकांचा हात धरून उभे असतात. चढाई करणारा डावीकडे वळला की दोघेही डावीकडे. एक पुढे गेला आणि दुसरा जागेवर राहिला, तर हात सुटतो आणि चढाईपटू त्याच फटीतून निघून जातो. टेनिसच्या दुहेरीत हात धरलेला नसतो एवढाच फरक. शिकवणारे सांगतातही तेच : दोघांच्या कमरेला एकच दोर बांधला आहे असे समजून हला.

आणखी दोन मांडण्या आहेत. एकीत नेटवरचा जोडीदार नेहमीची बाजू सोडून सर्व्हिस करणाऱ्याच्याच बाजूला उभा राहतो, तिला 'ऑस्ट्रेलियन' म्हणतात. दुसरीत तो कोर्टाच्या बरोबर मधल्या रेषेवर खाली वाकून बसतो, ती 'आय' मांडणी. सर्व्हिस डोक्यावरून गेली की तो उठून डावीकडे किंवा उजवीकडे जातो. कुठे जाणार हे फक्त त्याला आणि सर्व्हिस करणाऱ्याला ठाऊक. म्हणूनच नेटवरचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी खुणा करतो. टीव्हीवर पाहताना हे काय चालले आहे असे बऱ्याच जणांना वाटते. त्याचे उत्तर पुढच्या हिशेबात आहे.

३) अर्ध्या सेकंदाचा हिशेब

रिटर्न करणारा बेसलाईनवर आहे. नेटवरचा खेळाडू नेटपासून साधारण ३ मीटर मागे. अर्धे कोर्ट म्हणजे ११.९ मीटर, अधिक ३, म्हणजे जवळजवळ १५ मीटर. रिटर्नचा वेग ताशी १०० कि.मी. धरला तर सेकंदाला सुमारे २८ मीटर. १५ भागिले २८ केले की ०.५४ सेकंद.

यातले ०.२ सेकंद डोळ्याने पाहून मेंदूने हुकूम देण्यात जातात. उरले साधारण ०.३४ सेकंद. एवढ्या वेळात जागेवरून निघालेला माणूस एक मीटरभर सरकेल. हात आणि रॅकेट मिळून आणखी दीड मीटर धरा. एकूण अडीच मीटर. दुहेरीच्या कोर्टाची रुंदी मात्र जवळजवळ ११ मीटर आहे.

म्हणजे चेंडू पाहून मग पळायचे म्हटले, तर आडवा जाणारा चेंडू हाताला लागणारच नाही. मधे घुसून तो पकडायचा असेल तर समोरच्याने मारण्याच्या क्षणभर आधीच निघावे लागते. आणि आपण निघालो की आपली बाजू उघडी पडते, ती जोडीदाराने झाकली पाहिजे. त्याला आधी ठाऊक नसेल तर तो कसा झाकणार? पाठीमागच्या खुणांचा अर्थ हा. बहुतेक जोड्या बंद मूठ म्हणजे 'थांबतो' आणि उघडा पंजा म्हणजे 'जातो' असे काहीतरी ठरवून ठेवतात. अर्ध्या सेकंदात बोलायला वेळ नसतो, म्हणून बोलणे आधीच उरकून घ्यायचे!

थोडक्यात काय, तर दुहेरीतला निम्मा खेळ चेंडू हवेत जाण्याआधीच होतो.

४) सात गुणांचा गेम

आता थोडे गणित. घाबरू नका, एम-३ पेक्षा सोपे आहे.

नेहमीच्या टेनिसमध्ये ४०-४० झाले की ड्यूस. तिथून सलग दोन गुण मिळेपर्यंत गेम संपत नाही. व्यावसायिक एटीपी दौऱ्यावरच्या दुहेरीत २००६ पासून हे बंद झाले. ४०-४० झाले की एकच निर्णायक गुण. ती सर्व्हिस उजवीकडून घ्यायची की डावीकडून, हे रिटर्न करणारी जोडी ठरवते. म्हणजे गेम जास्तीत जास्त सात गुणांचा. शिवाय १-१ सेट झाले तर तिसरा सेट नाही, त्याऐवजी १० गुणांचा टायब्रेक. दोन गुणांची आघाडी मात्र हवी. (विम्बल्डनसारख्या ग्रँड स्लॅम स्पर्धांत पुरुष दुहेरीला जुनी ड्यूसची पद्धत आहे.)

याने फरक किती पडतो? समजा, सर्व्हिस करणारी जोडी दर १०० पैकी ६५ गुण जिंकते. म्हणजे गुण जिंकण्याची शक्यता प = ०.६५ आणि हरण्याची ह = ०.३५.

ड्यूसला न जाता गेम जिंकण्याची शक्यता :
प⁴ × (१ + ४ह + १०ह²) = ०.१७८५ × ३.६२५ = ०.६४७

४०-४० होण्याची शक्यता :
२० × प³ × ह³ = ०.२३५

जुन्या पद्धतीत ४०-४० वरून जिंकण्याची शक्यता :
प² ÷ (प² + ह²) = ०.४२२५ ÷ ०.५४५ = ०.७७५

नव्या पद्धतीत एकच गुण, म्हणून शक्यता सरळ ०.६५.

आता बेरीज :
जुनी पद्धत : ०.६४७ + (०.२३५ × ०.७७५) = ०.८३
नवी पद्धत : ०.६४७ + (०.२३५ × ०.६५) = ०.८०

म्हणजे सर्व्हिस मोडण्याचे प्रमाण १०० मध्ये १७ वरून २० वर गेले. ऐकायला तीनच वाढले. पण दुहेरीचा सेट बऱ्याचदा एकाच ब्रेकवर जातो, तिथे हे तीन म्हणजे पुष्कळ. जो बलवान आहे त्याला चूक सुधारायला कमी वेळ मिळतो आणि जो दुबळा आहे त्याला दार किंचित जास्त उघडे राहते. वर्षभराच्या टर्म-वर्कऐवजी एकाच तोंडी परीक्षेवर निकाल लावावा, तसे आहे हे. हुशार मुलगाच बहुधा पास होतो, पण खात्री थोडी कमी होते!

५) बालेवाडीची पाच वर्षे

हे सगळे आपल्या महाराष्ट्रात प्रत्यक्ष घडून गेले आहे. चेन्नईत २०१७ पर्यंत होणारी एटीपी स्पर्धा २०१८ मध्ये पुण्याला आली आणि 'टाटा ओपन महाराष्ट्र' या नावाने बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात खेळली गेली. हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. एटीपी २५० दर्जाच्या अशा स्पर्धेत दुहेरीला १६ जोड्या असतात. चार सामने जिंकले की विजेतेपद आणि जोडीतल्या प्रत्येकाला क्रमवारीचे २५० गुण. प्रवेशही दोघांच्या क्रमवारीची बेरीज करून मिळतो.

पाच अंतिम सामने असे झाले :

२०१८ : नेदरलँड्सचे रॉबिन हासे आणि मात्वे मिडेलकूप यांनी फ्रान्सच्या पिएर-ह्यूग एर्बेर आणि जिल सिमों यांना हरवले. दोन्ही सेट टायब्रेकवर. सिमों त्याच स्पर्धेत एकेरीचा विजेता होता!

२०१९ : रोहन बोपण्णा आणि दिविज शरण विजयी. ब्रिटनच्या ल्यूक बॅमब्रिज आणि जॉनी ओमारा यांच्यावर ६-३, ६-४.

२०२० : स्वीडनचा आंद्रे योरान्सन आणि इंडोनेशियाचा ख्रिस्तोफर रुंगकट. इस्रायलचा योनाथन एर्लिच आणि बेलारूसचा आंद्रेई वासिलेव्स्की यांच्यावर ६-२, ३-६, १०-८.

२०२१ : कोरोनामुळे स्पर्धा नाही.

२०२२ : बोपण्णा आणि रामकुमार रामनाथन. ऑस्ट्रेलियाच्या ल्यूक सॅविल आणि जॉन-पॅट्रिक स्मिथ यांच्यावर ६-७, ६-३, १०-६.

२०२३ : बेल्जियमच्या सँडर जिले आणि योरान व्लीगेन यांनी आपल्या श्रीराम बालाजी आणि जीवन नेदुंचेळियन यांना ६-४, ६-४ असे हरवले.

या यादीकडे नीट पाहा. पहिली गोष्ट : पाचपैकी तीन अंतिम सामन्यांत भारतीय जोडी होती आणि दोनदा ती जिंकली. एकेरीत या पाच वर्षांत एकही भारतीय अंतिम फेरीत नव्हता. दुसरी गोष्ट : पाचपैकी दोन निकाल १० गुणांच्या टायब्रेकवर लागले. २०२० मध्ये तर आठवडाभराची मेहनत दोन गुणांनी ठरली. तिसरी गोष्ट २०१८ ची. त्या आठवड्यात एकेरीत सगळ्यांना हरवणारा सिमों दुहेरीच्या अंतिम सामन्यात हरला. एकेरीतला सर्वांत चांगला खेळाडू जोडीत असला म्हणजे जोडी सर्वांत चांगली, असे गणित नाही.

२०२३ नंतर ही स्पर्धा पुण्यात झाली नाही. पुढे तिथे चॅलेंजर या खालच्या पातळीची स्पर्धा झाली.

६) दुय्यम कोण?

दुहेरीला दुय्यम मानणे हे काही आपल्या मेसपुरते नाही. २००५ मध्ये एटीपीने दुहेरीत मोठे बदल करायचे ठरवले तेव्हा दुहेरीच्या खेळाडूंना आपला धंदाच बुडतो की काय असे वाटले. अमेरिकेच्या बॉब आणि माईक या ब्रायन बंधूंसह अनेक जण न्यायालयात गेले. शेवटी तडजोड झाली आणि वर सांगितलेली सात गुणांची आणि टायब्रेकची पद्धत आली. त्याच ब्रायन बंधूंनी पुढे जोडीने ग्रँड स्लॅमची १६ विजेतेपदे पूर्ण केली. एक डावखुरा, एक उजवा, त्यामुळे दोघांची सर्व्हिस वेगवेगळ्या बाजूला वळायची.

आपल्या देशाचे पाहा. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीचे सुवर्ण लिअँडर पेस आणि गौरव नाटेकर यांनी आणले. गौरव म्हणजे बॅडमिंटनपटू नंदू नाटेकरांचे चिरंजीव. १९९९ मध्ये पेस आणि महेश भूपती चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत पोहोचले आणि फ्रेंच व विम्बल्डन जिंकले. पेसची चपळाई नेटवर, भूपतीची मदार सर्व्हिस आणि बॅकहँडवर. २०२४ मध्ये बोपण्णा मॅथ्यू एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि ४३ व्या वर्षी दुहेरीत जगात पहिला झाला. पुण्याचा अर्जुन कढे अमेरिकेत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात शिकता शिकता टेनिस खेळला. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने ऋत्विक चौधरी बोल्लिपल्लीबरोबर कझाकस्तानातल्या अल्माटीची एटीपी स्पर्धा जिंकली.

ही सगळी मंडळी टाइमपास करत होती काय? दुहेरी हे वेगळे कौशल्य आहे, एकेरीचा उरलासुरला भाग नव्हे.

आमच्या डोळखांबच्या पुढे चोंढे आहे. घाटघर प्रकल्पाचे खालचे धरण तिथे आहे. प्रकल्प २५० मेगावॅटचा, १२५ ची दोन यंत्रे. मागणी असेल तेव्हा यंत्रे टर्बाईन म्हणून चालतात आणि वीज शिल्लक असेल तेव्हा तीच यंत्रे पंप होऊन पाणी वर चढवतात. पंप म्हणून चालताना ते यंत्र दुय्यम झाले असे कुणी म्हणत नाही! दुहेरीतला खेळाडूही असाच. या गेमला सर्व्हिस करणारा, पुढच्या गेमला रिटर्न घेणारा, त्याच्या पुढच्याला नेटवर वाकून बसणारा. जी भूमिका येईल ती पूर्ण करायची.

७) आता आपल्या कोर्टाचे

जिमखान्यासाठी शेवटचा हिशेब. बाद पद्धतीत १६ नावे असतील तर सामने १५, कारण प्रत्येक सामन्यात एकच बाद होतो. एक सेट आणि सात गुणांचा गेम धरला तर सामन्याला साधारण ४० मिनिटे. १५ × ४० = ६०० मिनिटे, म्हणजे १० तास. रोज संध्याकाळी अडीच तास खेळलो तर चार दिवस.

एकेरी ठेवली तर या दहा तासांत १६ मुले खेळतील. दुहेरी ठेवली तर १६ जोड्या, म्हणजे ३२ मुले. कोर्ट तेच, वेळ तोच, खेळणारे दुप्पट! मुलींच्या हॉस्टेललाही हेच गणित लागू.

यावर दोन आक्षेप मी ऐकले. पहिला : दुहेरीत एकाच्या जिवावर दुसरा जिंकतो. प्रत्यक्षात उलटे होते. समोरची जोडी दुबळा कोण ते दोन गेममध्ये ओळखते आणि प्रत्येक चेंडू त्याच्याकडेच मारते. दुहेरीत लपायला जागा नाही. जो बलवान आहे त्याला जिंकायचे असेल, तर जोडीदाराला तयार करावेच लागते.

दुसरा आक्षेप : रॅकेट कधी न धरलेली मुले आली तर खेळाचा दर्जा घसरेल. मला वाटते, खरा प्रश्न इथेच आहे. एकेरी ठेवली तर सोळा नावे कुठली येतील हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांच्या सोसायटीत कोर्ट होते, ज्यांना शाळेत कोचिंग मिळाले, तीच. शहापूर, मुरबाड, जव्हारकडून आलेली मुले कुंपणाबाहेर उभी राहून टाळ्या वाजवतील. त्यांच्यात दम नाही असे नाही. ज्याने साखळीत उभे राहून पकड केली आहे, त्याला जोडीदाराच्या पावलाबरोबर पाऊल टाकायला शिकवावे लागत नाही. शिकवायची ती सर्व्हिस आणि व्हॉली, ती महिनाभरात कामापुरती येते.

म्हणून माझी सूचना अशी :

१. यंदा गट दुहेरीचाच ठेवावा.
२. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. एक चिठ्ठी आधी खेळलेल्यांची, एक नव्यांची.
३. जोड्या महिनाभर आधी जाहीर कराव्यात, म्हणजे सराव होईल.
४. जिमखान्यातल्या चार रॅकेट संध्याकाळी सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात.
५. ४०-४० ला एकच गुण, म्हणजे मेसची वेळ चुकणार नाही!

आणि सरावात पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. मधोमध आलेल्या चेंडूवर कुणीतरी ओरडलेच पाहिजे : "माझा!" किंवा "तुझा!" नवीन जोड्या सर्वांत जास्त गुण घालवतात ते वाईट फटक्यांनी नाही, दोघे एकमेकांकडे बघत राहतात आणि चेंडू मधून निघून जातो म्हणून. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्येही असेच होते, नाही का? सबमिशनच्या आदल्या रात्री कळते की रिपोर्ट दोघांपैकी कुणीच लिहिला नाही!

जिमखान्याची सभा येत्या आठवड्यात आहे. ज्यांना एकेरी हवी त्यांनीही यावे, आपला हिशेब मांडावा. ज्यांनी आजवर रॅकेट धरलेली नाही त्यांनी तर जरूर यावे. निर्णय त्यांच्याबद्दलच होणार आहे.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी